पहिली ग्रॅपलिंग स्पर्धा: नाव नोंदवण्यापासून मॅटवरून उतरेपर्यंत

सरावात चांगलं रोल करणारी (म्हणजे जोडीदाराबरोबर मोकळी लढत खेळणारी) माणसं पहिल्या स्पर्धेत दीड मिनिटात धापा टाकायला लागतात. परत आल्यावर ‘कार्डिओ कमी पडला’ म्हणतात आणि पुढचे दोन महिने धावत सुटतात. खरं कारण बहुतेकदा वेगळंच असतं. नियम आदल्या रात्री वाचलेले, वजन शेवटच्या तीन दिवसांत उतरवलेलं, नवा डाव शेवटच्या आठवड्यात शिकलेला आणि अंग गरम न करताच मॅटवर पाय ठेवलेला. यातली बरीचशी कामं करायचीच असतात, पण ती नको त्या वेळी केलेली असतात. म्हणून इथे डावांपेक्षा क्रमावर जास्त भर आहे.

गृहीत असं धरलं आहे: तुम्ही व्हाइट बेल्ट (पहिल्या पट्ट्याचे) आहात, किमान सहा महिने नियमित सराव झाला आहे, गी (जाड कापडाचं जॅकेट आणि पँट) घालून खेळायची ब्राझिलियन जिउ-जित्सू स्पर्धा आहे आणि हातात आठ आठवडे आहेत. नो-गी (गीशिवाय) किंवा कुस्तीत जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

## टप्पा १: आधी नियम, मग नाव (आठ आठवडे आधी)

पत्रकावर ‘जिउ-जित्सू स्पर्धा’ लिहिलं आहे, एवढ्यावर पैसे भरू नका. कुठल्या नियमांनी खेळवणार, ते विचारा. आयबीजेजेएफ या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पहिल्या सेकंदापासून गुण मोजतात. एडीसीसी या नो-गी स्पर्धेच्या नियमांत लढतीच्या पहिल्या भागात गुण नसतात, आणि गुण सुरू झाल्यावर स्वतःहून गार्डला (खाली बसून समोरच्याला पायांनी अडवायच्या स्थितीला) बसलात तर उणे गुण मिळतो. फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. तोच माणूस, तेच डाव, पण डावपेच तिन्हीकडे वेगळे.

आयबीजेजेएफचे नियम बरेच आयोजक थोडेफार बदलून वापरतात, म्हणून तेवढे तरी पाठ हवेत:

- टेकडाउन (उभ्याला खाली पाडणं), स्वीप (खालून उलटवून वर येणं), नी-ऑन-बेली (पोटावर गुडघा): प्रत्येकी २ गुण
- गार्ड पास (समोरच्याचे पाय ओलांडून पलीकडे जाणं): ३ गुण
- माउंट (समोरच्याच्या पोटा-छातीवर बसणं), बॅक माउंट आणि बॅक कंट्रोल (पाठीकडून ताबा): प्रत्येकी ४ गुण

प्रौढ व्हाइट बेल्टची लढत ५ मिनिटांची. प्रत्येक गुणासाठी ती स्थिती ३ सेकंद टिकवावी लागते. हे वाचताना किरकोळ वाटतं, पण व्हाइट बेल्टच्या कितीतरी लढती या तीन सेकंदांवर जातात. स्वीप होतो, वर आलेला माणूस लगेच पुढच्या डावाला झेपावतो, तोल जाऊन पुन्हा खाली येतो आणि फळ्यावर शून्यच राहतो.

लोक कुठे फसतात ते पाहा. पाठ मिळाली आणि पायांनी बॉडी ट्रँगल लावला, तर पकड कितीही घट्ट असली तरी ४ गुण मिळत नाहीत. गुणांसाठी दोन्ही पायांचे हुक समोरच्याच्या मांड्यांच्या आतून लागलेले हवेत आणि पावलं एकमेकांत अडकवलेली नकोत. समोरच्याच्या बाहीच्या किंवा पँटच्या तोंडातून आत बोटं घालून पकड घेतली, तर पेनल्टी. पहिली पेनल्टी नुसती नोंदवतात, दुसरीला समोरच्याला अ‍ॅडव्हांटेज (गुण बरोबरीत असतील तर मोजतात तो), तिसरीला त्याला २ गुण आणि चौथीला तुम्ही बाद.

सावध: व्हाइट बेल्टला उडी मारून क्लोज्ड गार्ड (समोरच्याची कंबर पायांत अडकवणं) घेता येत नाही. मनगटाचं लॉक, नीबार, टो-होल्ड, हील हूक (ही तिन्ही पायाची लॉक), कात्री टेकडाउन, समोरच्याला उचलून आपटणं, सगळं बंद. सरळ अँकल लॉक चालतं, पण ते लावताना तुमचा पाय समोरच्याच्या मांडीवरून आत सरकून गुडघ्यावर पीळ आला तर थेट बाद होऊ शकता. ज्यांच्या क्लासमध्ये नो-गीचा सराव जास्त असतो, त्यांचा पाय सवयीनेच तिथे जातो.

वयोगटही नीट बघा. आयबीजेजेएफमध्ये वाढदिवस बघत नाहीत, वर्ष बघतात. डिसेंबरमध्ये ३० पूर्ण करणारा माणूस त्याच वर्षीच्या जानेवारीत मास्टर १ गटात बसतो.

तपासा: कागद न बघता गुणांची यादी, लढतीची वेळ आणि तुमच्या बेल्टला बंद असलेले पाच डाव सांगता येतात का? येत नसतील तर नावनोंदणी उद्यावर ढकला.

## टप्पा २: वजनगट (नाव भरण्याच्याच दिवशी)

पहिल्या स्पर्धेसाठी वजन उतरवू नका. आज ज्या वजनावर नीट जेवता, नीट झोपता आणि नीट सराव करता, त्याच वजनाचा गट घ्या. पुढचं सगळं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं पाळा.

आयबीजेजेएफमध्ये वजन पहिल्या लढतीच्या अगदी आधी, गी घालून आणि एकदाच होतं. काटा जास्त दाखवला तर एकही लढत न खेळता घरी. आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खाऊन-पिऊन भरून काढायची सोयच नाही. म्हणजे घाम गाळून उतरवलेलं पाणी अंगात परत जायच्या आधीच तुम्ही कुणाच्या तरी खाली दबलेले असता.

गीचं वजन हिशेबात धरायला लोक हमखास विसरतात. बेल्टसकट गी साधारण दीड ते दोन किलोची असते, घामाने भिजली की आणखी जड. प्रौढ पुरुषांच्या गी गटांत लाइटवेटची मर्यादा ७६ किलो आणि मिडलवेटची ८२.३. महिलांच्या लाइटवेटची ६४. म्हणजे ७६ च्या गटासाठी तुमचं अंगचं वजन ७४ च्या आसपासच हवं. नो-गीमध्ये पुरुषांचा लाइटवेट ७३.५ वर थांबतो, तो याच कारणाने.

सलग सात दिवस सकाळी, एकाच काट्यावर, गी घालून वजन करा. सरासरी मर्यादेच्या किमान एक किलो खाली असेल तर तो गट तुमचा. नसेल तर वरचा गट घ्या. वरच्या गटात समोरचे फार ताकदवान असतील, ही भीती पहिल्या स्पर्धेत बरीचशी मनातली असते. उपाशी माणूस हलक्या गटातही हरतो.

काट्याला दया नसते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात फक्त १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. तिच्या मागे तज्ज्ञांची अख्खी टीम होती. तुमच्यामागे बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला असेल.

सावध: प्लास्टिकचे किंवा रबरी सूट, सॉना, पाणी तोडणं, जुलाबाच्या गोळ्या, यातलं काहीही नको. १९९७ मध्ये अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरच्या काही आठवड्यांत तीन कॉलेज पैलवान घाम गाळून वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉनावर बंदी आली.

## टप्पा ३: एकच वाट बांधा (सातवा ते पाचवा आठवडा)

तुम्हाला तीस डाव येत असतील. स्पर्धेत त्यातले सहा-सात वापरता येतील, तेही एकमेकांना जोडलेले असतील तरच. सुटे डाव घाबरलेल्या डोक्याला आठवत नाहीत. एकातून दुसरा आपोआप निघत असेल, तर हात-पाय स्वतःच पुढे जातात.

कागद घ्या आणि वरून खाली लिहा: पहिली पकड कुठली, त्यातून खाली कसं नेणार, खाली गेल्यावर कुठे उतरणार, तिथून पास कुठला, पासनंतर कुठे थांबणार, शेवट कशाने. उदाहरणार्थ: उजव्या हाताने कॉलर, डाव्याने बाही, त्यातून एका पायाचा पट, उतरताना बहुधा हाफ गार्डमध्ये, तिथून गुडघा कापत पास, साइड कंट्रोलला (बाजूने छातीवर दाबून) तीन सेकंद, माउंटला तीन सेकंद, मग अमेरिकाना (खांद्याचं लॉक) किंवा कॉलर चोक. ही वाट दिसायला अगदी साधी आहे, आणि व्हाइट बेल्टच्या गटात ती पुरते.

दुसरी बाजू म्हणजे तुम्ही खाली असाल तर. एक गार्ड, त्यातून एक स्वीप, आणि तो अडला तर लगेच जोडून येणारं एक सबमिशन (समोरच्याला हार मानायला लावणारा डाव). हिप-बंप स्वीप आणि समोरच्याने हात टेकवला की किमुरा (हेही खांद्याचं लॉक), ही जोडी म्हणूनच जुनी असूनही चालते.

तिसरी बाजू बहुतेक जण लिहितच नाहीत: सुटका. साइड कंट्रोलमधून एक आणि माउंटमधून एक. पहिल्या स्पर्धेत तुम्ही कुणाच्या तरी खाली अडकणार, हे धरूनच चाला.

आणि समोरच्याने तुमच्या आधी गार्ड ओढला तर? या पातळीवर हे सारखं होतं. उभ्याने खूप तयारी केलेला माणूस अशा वेळी क्षणभर गोंधळतो आणि तेवढ्यात स्वीप खातो. म्हणून वाटेवर एक फाटा आखून ठेवा: तो बसला की माझी पकड कुठे आणि पाय कुठे.

कुस्तीतून आलेल्यांसाठी दोन गोष्टी. पाठ टेकू नये म्हणून पोटावर वळायची सवय इथे महागात पडते, कारण समोरच्याला तुमची पाठ आणि ४ गुण आयते मिळतात. आणि पट काढताना डोकं समोरच्याच्या काखेखाली बाहेर राहिलं, मान वाकलेली असली, की गिलोटिन (समोरून मानेचा चोक) लागतंच. डोकं आत, छातीला चिकटलेलं, नजर वर. याच्या उलट, जिउ-जित्सूचा माणूस कुस्तीच्या स्पर्धेत उतरला की आरामात पाठीवर पडून गार्ड शोधतो आणि चितपट होतो. दोन्ही खेळ येतात असं वाटणाऱ्यांनी ही सवय आधी मोडावी.

तपासा: सरावातल्या जोडीदाराला तुमची वाट सांगून टाका. त्याला माहीत असूनही ती निम्म्या वेळा चालली, तर ती तयार आहे.

## टप्पा ४: स्पर्धेसारखा सराव (चौथा ते दुसरा आठवडा)

नवीन डाव शिकणं आता बंद. क्लासमध्ये नवा डाव दाखवला तर सोबत करा, पण रोल करताना तुमचीच वाट चाला.

आठवड्यातले दोन दिवस स्पर्धेचे धरा. पाच मिनिटांच्या चार-पाच लढती, प्रत्येक उभ्याने सुरू, गुण मोजायला तिसरा माणूस, आणि मध्ये तीन-चार मिनिटांची विश्रांती. गुडघ्यावरून रोल सुरू करायची सवय लागलेल्यांना उभ्याचे पहिले तीस सेकंद परके वाटतात. ते इथेच ओळखीचे व्हायला हवेत.

बाकीच्या दिवशी ठरावीक स्थितीतून सराव करा. तुम्ही दोन गुणांनी मागे, एक मिनिट उरलं आहे, समोरचा साइड कंट्रोलला. किंवा तुम्ही दोन गुणांनी पुढे, माउंटवर, आणि तो जिवाच्या आकांताने उसळतोय. शेवटच्या मिनिटात पुढे असलेला माणूस कसा हरतो, हे अशा सरावात कळतं: तो सबमिशनच्या मोहात माउंट सोडतो.

पकडीचा सराव वेगळा करा, कारण हात तिथेच मरतात. नवख्याच्या पहिल्या मिनिटाकडे नीट बघा. रेफरीने हात खाली केल्याबरोबर तो दोन्ही मुठींनी कॉलर आवळतो, खांदे कानाला लावतो आणि श्वास धरून ठेवतो. तो ढकलत नाही, ओढत नाही, नुसता आवळून उभा असतो. मिनिटभरात मनगटापासून कोपरापर्यंतचा हात दगड होतो. मग समोरचा साधा झटका देतो आणि बोटं आपोआप उघडतात. उरलेली चार मिनिटं तो माणूस मूठ वळू शकत नाही. ‘कार्डिओ कमी पडला’ ते हे. उपाय साधा आहे: पकड घेतली की तीन सेकंदांत काहीतरी करायचं, ओढा, वळवा, पाय टाका, काही होत नसेल तर सोडा आणि परत घ्या. प्रत्येक पकडीबरोबर तोंडाने आवाज काढून श्वास सोडा. बाहेरच्यांना हसू येईल, येऊ द्या.

एकाला मध्ये उभं करून दर मिनिटाला ताज्या दमाचा माणूस त्याच्यावर सोडायची पद्धत काही ठिकाणी फार लोकप्रिय आहे. माझ्या मते पहिल्या स्पर्धेसाठी ती बिनकामाची आहे. दमून वाईट हालचाली घोटून घेतल्या जातात आणि कुणाचा तरी गुडघा जातो. स्पर्धेत तुमच्यासमोर एकच माणूस असतो, आणि तोही तुमच्यासारखाच दमतो.

सावध: या तीन आठवड्यांत लवकर टॅप करा (थोपटून हार माना). सरावातलं आर्मबार वाचवायच्या हट्टात कोपर गेलं, तर स्पर्धा प्रेक्षकांतून बघाल.

## टप्पा ५: शेवटचा आठवडा

सराव निम्म्यावर आणा. पाच दिवस आधी शेवटचा जोरदार रोल, त्यानंतर हलकं ड्रिलिंग, आणि आदला दिवस पूर्ण मोकळा किंवा वीस मिनिटं अंग हलवण्यापुरता. अपराधी वाटतं, ‘अजून एक दिवस करतो’ असं वाटतं. करू नका. या आठवड्यात दम वाढत नाही, फक्त थकवा वाढतो.

खाण्यात नवीन काही नको. रोजचंच जेवण, आदल्या रात्री थोडं कमी तिखट-तेलकट, पाणी नेहमीसारखं. आदल्या रात्री झोप लागणार नाही असं धरून चाला आणि त्याच्या आधीच्या दोन रात्री नीट झोपा.

## टप्पा ६: गी, नखं, त्वचा

गी आधी धुवा आणि मगच मोजा, कारण धुतल्यावर ती आकसते. हात समोर सरळ केले की बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा वर नको. पँटही घोट्याच्या हाडापासून तेवढ्याच हद्दीत. हात ताणल्यावर बाहीत ७ सेंटिमीटरची मोकळीक हवी. रंग पांढरा, निळा किंवा काळा, वर-खाली एकच. बेल्टची टोकं गाठीनंतर २० ते ३० सेंटिमीटर लोंबायला हवीत. फाटकी किंवा घाण वास येणारी गी परत पाठवतात, म्हणून जमलं तर दुसरी सोबत ठेवा.

हातापायांची नखं आदल्या दिवशी कापा, कडा घासा. अंगावर गोल खाजणारा चट्टा, पू भरलेली पुळी किंवा पाण्याचे बारीक फोड असतील, तर निदान आठवडाभर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नायटा असो की नागीणसारखा विषाणू, मॅटवर तो एका दिवसात अनेकांना लागतो. चिकटपट्टी लावून लपवणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

## टप्पा ७: मॅटवर जाण्याआधी

ओळखपत्र, गी, बेल्ट, चपला, माउथगार्ड, पाणी आणि पटकन खाता येईल असं काही. चपला विसरू नका. अनवाणी स्वच्छतागृहात जाऊन तसंच मॅटवर येणारा माणूस सगळ्यांचा शत्रू असतो.

दिलेल्या वेळेच्या दीड तास आधी पोचा. लढती पुढेही सरकतात आणि मागेही. नावं पुकारतात तिकडे एक कान ठेवा किंवा सोबत आलेल्याला तेवढंच काम द्या.

वॉर्मअप सगळ्यात जास्त चुकतो. तो हलका ठेवून चालत नाही, घाम आलाच पाहिजे. लढतीच्या साधारण अर्धा तास आधी सुरू करा: दहा मिनिटं हालचाली, मग जोडीदाराबरोबर पकडींची ओढाओढ आणि तीस-चाळीस सेकंदांचे दोन-तीन खरे जोरदार झटके, धाप लागेपर्यंत. पहिली धाप मॅटवर लागली तर शरीर घाबरतं. ती बाहेरच लागून गेली की लढतीत दुसरा दम आयता मिळतो. नंतर जॅकेट घाला आणि गरम राहा. रांगेत अर्धा तास बसावं लागलं तर दर पाच मिनिटांनी उठून हला.

तपासा: पुकारा झाला तेव्हा कपाळावर ओल आहे? मुठी सैल आहेत? तुमच्या वाटेतली पहिली पकड कुठली, ते एका वाक्यात सांगता येतं?

## टप्पा ८: पाच मिनिटं

रेफरी ‘कोम्बाची’ म्हणाला की सुरू, ‘पारो’ म्हणाला की जिथे आहात तिथेच थांबा. ‘लूची’ ऐकू आलं तर तुम्ही वेळ काढताय असं त्याला वाटतंय, म्हणजे पेनल्टी जवळ आली. दोघांची गी एकाच रंगाची असेल तर एकाला हिरवा-पिवळा जादा बेल्ट बांधतात. तुम्ही कुठल्या रंगाचे, ते डोक्यात ठेवा, नाहीतर फळ्यावर समोरच्याचे गुण आपले समजाल.

पहिली पकड तुमची असू द्या. ती मिळाली की वाट सुरू. गुण मिळवणारी स्थिती आली की मनात ‘एक, दोन, तीन’ मोजा आणि मगच पुढे सरका. कोपऱ्यातून ओरडणाऱ्यांपैकी एकाचाच आवाज ऐकायचा, हे आधीच ठरवा. त्याने फक्त उरलेली वेळ आणि गुण सांगायचे. डाव शिकवायची ही जागा नाही.

सबमिशन लावताना झटका देऊ नका, हळूहळू आवळा. टॅप जाणवला की जोर वाढवणं थांबवा, पण रेफरी हात लावेपर्यंत जागा सोडू नका. टॅप रेफरीला दिसला नाही आणि तुम्ही उठलात, तर लढत चालूच राहू शकते.

तुम्हाला टॅप करायचा असेल तर समोरच्याच्या अंगावर ठळक, दोन-तीनदा. हात अडकले असतील तर पाय आपटा किंवा तोंडाने ‘टॅप’ म्हणा. वेदनेने ओरडलात तर तोही टॅपच धरतात. मानेच्या दोन्ही बाजू दाबणारा चोक नीट बसला तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. त्याची वाट बघण्यात काही मर्दुमकी नाही. सबमिशन चुकवायला मुद्दाम मॅटबाहेर सरकलात तर बाद होता.

## टप्पा ९: उतरल्यावर

हात मिळवा, निकाल होईपर्यंत मॅट सोडू नका. बऱ्याच स्पर्धांत एकदा हरलं की बाहेर, म्हणून पुढची लढत आहे की नाही ते टेबलावर विचारा. असेल तर गी सैल करा, चालत राहा, घोट-घोट पाणी आणि दोन घास. पोटभर जेवण नको.

त्याच संध्याकाळी तीन ओळी लिहा: वाट कुठपर्यंत चालली, कुठे तुटली, तिथे काय नव्हतं. चित्रीकरण असेल तर ते दोन-तीन दिवसांनी बघा, आणि आवाज बंद करून. हरलेल्या लढतीची आठवण आणि चित्रीकरण यांत बऱ्याचदा मेळ नसतो.

गी त्याच रात्री धुवा. पुढचा आठवडाभर आंघोळ करताना मान, दंड आणि कपाळ नीट बघा. कान सुजून मऊ लागत असेल तर एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जा. आतलं रक्त घट्ट झालं की कान कायमचा वाकडा होतो. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ किंवा अंधारी आली असेल, तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत रोल बंद. बाकी काही दुखत नसेल, तर तीन-चार दिवसांनी क्लासला जा आणि जिथे वाट तुटली तिथूनच सुरू करा.